पाऊण फेरा

लाल ठिपका जागच्या जागी होता. दोब्रिलानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मोबाईलचा दिवा लावला आणि इंजिनाच्या डाव्या अंगानं मान तिरकी करून डोकं जाईल तेवढं आत घातलं. तेलाच्या फिल्टरचा काळा डबा, त्यावर धुळीचा आणि तेलाचा जुना थर, आणि मध्ये तिनंच बोटानं पुसून घेतलेल्या जागेवर तिनंच लावलेला नखरंगाचा ठिपका. करंगळीच्या टोकाएवढा, कलिंगडाच्या गरासारखा लाल. मग तिनं तेल मोजायची पट्टी ओढून काढली, कागदी रुमालाला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. नवं तेल मधासारखं असतं म्हणतात. हे तव्याच्या बुडासारखं होतं. शेजारी तारेला पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं होतं, तिहोमीर दर ऑक्टोबरात अडकवायचा तसंच. तारीख मंगळवारची, किलोमीटरचा आकडा बरोबर, खाली 'तेल, फिल्टर' आणि पुढं झाल्याची खूण. त्याच्यामागं गेल्या वर्षीचं कार्ड, त्यामागं त्याच्या आदल्या वर्षीचं. जुनी कार्डं तो कधी फेकत नसे. यंदाचं अक्षर इतकं बारीक होतं की पुठ्ठ्यावरून मुंग्या चालल्यात असं वाटावं. खोटं लिहिताना माणसाचं अक्षरसुद्धा अंग चोरत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची तिला लगेच लाज वाटली.

"काय शोधतेस शेजारणी, सोनं?" तळमजल्यावरच्या बाल्कनीतून ब्लागोये म्हातारा म्हणाला. हंगामातल्या शेवटच्या लाल मिरच्या तो पत्र्यावर भाजत होता. इमारतीच्या मागची ही गाड्या लावायची जागा, कचऱ्याचे डबे, वाळत घातलेल्या चादरी, सगळ्याला तो गोडसर करपट वास लागला होता.

"तेल बघतेय."

"तिहोमीरनं केलीय ना गाडी? परवा सोडताना बघितलं मी त्याला. आरशासारखी धुऊन आणली होती. मग बघायचं काय त्यात?" त्यानं चिमट्यानं एक मिरची उलटली. "गाडीचं तोंड उघडून आत बघू नये. माणसासारखंच असतं ते. मिटलेलं आहे तोवर सगळं छान."

दोब्रिलानं बॉनेट मिटलं. हात पुसले. सात वाजता औषधाच्या दुकानाचं शटर वर करायचं होतं, आणि निश शहर सकाळी कुणासाठी थांबत नाही. गाडी नेहमीसारखी चालू झाली. तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. बंद पडली असती, कण्हली असती, निदान खोकली तरी असती, तर रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती मुकाट पुलावरून गेली, सिग्नलला थांबली, आणि आतून लिंबाचा वास आला. तिहोमीरनं पुढची फळी कसल्याशा लिंबाच्या पाण्यानं पुसली होती. वायपरची करकर होती, ती गेली होती. मागच्या सीटखालचा ब्रेडचा चुरासुद्धा काढला होता त्यानं, कोपऱ्याकोपऱ्यातून. एवढं सगळं केलं आणि जे करायला गाडी नेली तेवढं केलं नाही. चोर घरात शिरला, भांडी घासून गेला, असला प्रकार.

दुसरा कुणी मेकॅनिक असता तर गोष्ट सोपी होती. गाडी नेऊन दारात उभी करायची, बोट दाखवायचं, दोन शब्द द्यायचे, दोन घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडं जायचं. पण तिहोमीर कुम होता. तेहतीस वर्षांपूर्वी देवळात तिच्या नवऱ्याच्या, स्रेतेनच्या उजव्या हाताला उभा राहून त्यानं दोघांच्या डोक्यांवर मुकुट धरले होते, लग्नाच्या वहीत साक्षीदाराची सही केली होती, आणि मुलगी नेवेना झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तिला त्यानंच उचलून घेतलं होतं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, दहा वर्षं बोलणं टाकता येतं, मग कुणाच्या तरी मयताला गळ्यात पडून रडता येतं. कुमाशी भांडायला वाटच ठेवलेली नाही. वर देव, खाली कुम, असं तिची सासू म्हणायची, आणि म्हणताना वरपेक्षा खालीच जास्त भीतीनं बघायची. स्रेतेन गेल्यावर तिहोमीर एवढंच म्हणाला होता, "गाडीचं तू बघू नकोस, मी बघीन." तेव्हापासून दर वर्षी घराण्याच्या संताच्या दिवसाआधी, म्हणजे संत लुकाच्या आधीच्या आठवड्यात, तो गाडी घेऊन जायचा. तेल आणि फिल्टर ती आणून द्यायची, वर भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, आय्वारची एक बरणी. तो एक पैसा घेत नसे. कुमाला विचारायचंसुद्धा नसतं.

मग ठिपका लावलाच कशाला? तर गंमत म्हणून. हे तिनं पुलावर एकदा आणि दुकानाच्या मागच्या दाराशी एकदा स्वतःला सांगितलं. दुकानातली तियाना, सत्तावीस वर्षांची, तिला तिच्या मेकॅनिकनं फसवलं होतं आणि तिनं ही युक्ती कुठंतरी वाचली होती: फिल्टर बदलला तर ठिपका त्याच्याबरोबर जातो, नाही तर राहतो. गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दोघी अंगणात गाड्यांची तोंडं उघडून उभ्या होत्या. "लाव मावशी, तुझ्यापण लाव. दोघींच्या गाड्या नटल्या म्हणजे झालं," तियाना म्हणाली होती. दोब्रिला म्हणाली होती, "माझा कुम आहे बाई. त्याची परीक्षा घेऊन मी नरकात जाऊ?" आणि हसत हसत, त्याच कुंचल्यानं, एक टिंब. हसताना लावलेलं टिंब हसण्याबरोबर पुसलं जात नाही, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळायला हवं होतं.

दुकानात सकाळी गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांचा दिवस पाचला सुरू होतो आणि सातपर्यंत त्यांची सगळी दुखणी जागी झालेली असतात. दोब्रिला गोळ्या मोजत होती, चिठ्ठ्या वाचत होती, अनोळखी माणसांना झोप लागते का, चक्कर येते का, हे सवयीनं विचारत होती. इथं प्रत्येक कडक औषधावर दोन सह्या लागतात, काढणारीची एक आणि तपासणारीची एक. तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या हातातल्या बाटल्या उजेडात धरून बघत आली होती, दुसरे तिच्या हातातल्या. त्यात कुणाला कधी अपमान वाटला नाही. उलट एखादी नवी मुलगी म्हणायची, "तुम्ही बघितलंत म्हणजे मला झोप लागेल." मग तेलाच्या बाबतीत असं काय होतं की बघणंच पाप? ती विचार करत होती आणि हात आपोआप चिकटपट्ट्या लावत होते. दुसरी सही. लग्नातही तिहोमीरची दुसरी सही होती. पहिली सही स्रेतेनच्या भावाची, ती आता कुणाला आठवतही नाही. आणि दवाखान्यातही, त्या फेब्रुवारीत, शेवटच्या दुपारी...

इथं ती थांबली. ते पान आलं की ती नेहमी दोन पानं एकदम उलटायची. तीन रात्री ती स्रेतेनजवळ बसलेली होती. चौथ्या दिवशी दुपारी तिहोमीर आला आणि म्हणाला, "तू घरी जाऊन कपडे तरी बदल, मी आहे." ती गेली. परत आली तर जिन्यात तिहोमीर उभा. त्याच्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "शांत गेला. शेवटी तुझं नाव घेतलं. म्हणाला, दोब्रिलाला सांग, घाबरू नको म्हणावं. तिनं सगळं नीट केलंय." त्या वाक्यावर ती चार वर्षं जगली होती. कारण तिनं सगळं नीट केलं होतं का, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला नसला तरी तिला होता. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेली बाई, आणि नवऱ्याचं वजन उतरत होतं तेव्हा ती म्हणत होती, बरं झालं, तुझं पोट सुटलं होतं. रात्री जाग आली की ती ते वाक्य काढायची, हातात धरून बघायची, परत ठेवायची. स्रेतेन भूगोलाचा मास्तर, नकाशा पाठ असून रस्ता चुकणारा, आयुष्यात कधी कुणाला 'छान केलंस' न म्हणणारा. जाताना म्हणाला. माणसं जाताना बदलतात, तिनं स्वतःला समजावलं होतं. तिहोमीर तिथं होता, त्यानं ऐकलं.

आणि आता तारेला अडकवलेलं कार्ड. 'तेल, फिल्टर', पुढं झाल्याची खूण.

तिला हातातली बाटली काउंटरवर ठेवावी लागली. तेलाचं काय, तेल दुसरा कुणी बदलेल. पण जो माणूस काळ्या तेलाला नवं म्हणून लिहू शकतो, तो आणखी कशाला काय म्हणाला असेल? त्या वाक्यावर कुणी ठिपका लावून ठेवला नव्हता. ते वाक्य उघडून, दिवा लावून, मान तिरकी करून आत बघायची सोय नव्हती. शनिवारी संत लुकाचा दिवस. गहू भिजत घालायचे, सणाचा पाव भाजायचा, आणि मग तो पाव दोन माणसांनी चार हातांनी धरून गोल फिरवायचा, वाईन घालायची आणि मधून मोडायचा. स्रेतेन होता तेव्हा स्रेतेन आणि तिहोमीर, आता ती आणि तिहोमीर. समोरासमोर उभं राहून, एका पावाला धरून, त्याच्या डोळ्यांकडं बघून. तिला जमणार नव्हतं. न विचारता जमणार नव्हतं, आणि विचारलं तर कुम राहणार नव्हता, आणि कुम राहिला नाही तर स्रेतेनला ओळखणारं, त्याच्या रस्ता चुकण्यावर तिच्याबरोबर हसणारं या शहरात कुणी उरणार नव्हतं. नेवेना दूर ऑस्ट्रियात, ग्राट्समध्ये. तिला बापाच्या आठवणीनं रडू येतं, हसू येत नाही.

"मावशी, तुझा ठिपका काय म्हणतो?" तियानानं दुपारी एप्रन काढताना विचारलं.

"गेला," दोब्रिला म्हणाली. "नवा कोरा फिल्टर आहे."

"बघ. कुम असावा तर असा. मला एखादा बघून दे, जरा तरुण."

"तरुण कुम मिळत नाहीत. ते वापरून वापरून होतात," दोब्रिला म्हणाली, आणि जाताना फडताळातून नखरंग काढायच्या पाण्याची बाटली आणि कापूस घेऊन गेली.

तिनं ठिपका अंगणातच पुसला. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिहोमीरकडं जायचं हे तोवर ठरलं होतं, आणि विचारायचं की नाही ते ठरलं नव्हतं, पण आपण त्याच्यावर खूण करून ठेवली होती हे त्याला दिसता कामा नये, एवढं पक्कं होतं. तिच्या लाजेनं त्याच्या लाजेच्या आधी नंबर लावला होता. कापूस घासला तसा ठिपका गेला, पण आजूबाजूचा वर्षांचा मळही निघाला, आणि काळ्या डब्यावर मोठ्या नाण्याएवढी स्वच्छ, चकचकीत जागा उघडी पडली. ठिपका तरी शोधावा लागत होता. तिनं बोटानं थोडं काळं तिथं फासून बघितलं. ते मुद्दाम फासल्यासारखंच दिसलं.

तिहोमीरचं गॅरेज पालिलुला वस्तीत, त्याच्या घराच्याच खाली. लग्न त्यानं केलं नाही. गाड्या ऐकतात तेवढं बाई ऐकणार नाही, असं स्रेतेन त्याला चिडवायचा. दार उघडं होतं. आत गाडी नव्हती. मधला खड्डा, ज्यात उतरून तो गाड्यांची पोटं बघायचा, फळ्यांनी झाकलेला होता, आणि फळ्यांवर सायकल उभी होती. हे दोब्रिलानं पाहिलं आणि काही न समजता पाहून ठेवलं. तिहोमीर स्टुलावर बसून रेडिओवर कुठल्यातरी सामन्याचं ऐकत होता. दोन्ही हात निळ्या कोटाच्या खिशात. या वर्षभरात तो असाच उभा राहायचा, असाच बसायचा, हात खिशात घालून. तिला मनातून ते जरा माजाचं वाटायचं.

"कुमा," तो उठला. ती त्याला कुम म्हणायची, तो तिला कुमा. "काय झालं? गाडी?"

"गाडी पळतेय. आय्वार राहिला होता द्यायचा."

"तू मंगळवारी दिलास."

"मग हा दुसरा. खाताना हात आखडू नकोस."

तो हसला. चेहरा हसण्याच्या जरा मागं राहिला. "कॉफी कर," तो म्हणाला. "तुझ्या हातची चांगली होते."

पूर्वी तो कुणाला त्या शेगडीला हात लावू देत नसे. कोपऱ्यात शेगडी, वर फळी, फळीवर कॉफीचा डबा. तिनं डबा काढला आणि डब्यामागं औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी दिसली. शिक्का नदीपलीकडच्या दुकानाचा. तिच्या दुकानावरून पुढं जाऊन, दोन बस बदलून जायचं म्हणजे तिथं. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि तिला खोके वाचायला चष्मा लागत नाही, रंगावरून कळतं. कंपवाताच्या गोळ्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. ही मात्रा नव्या माणसाची नव्हे. इथवर यायला दोन वर्षं तरी लागतात. हात थरथरणं, पावलं अडखळणं, चेहरा हळूहळू सपाट होत जाणं, आणि अक्षर. अक्षर दरवर्षी बारीक होत जाणं. ती हे रोज अनोळखी माणसांना विचारते. "लिहिताना त्रास होतो का हो?" असं, डोळ्यांत बघून, मऊ आवाजात विचारते.

पिशवीच्या शेजारी, ओळीनं, आणखी काही होतं. तिनं मंगळवारी दिलेला तेलाचा डबा, सीलबंद. यंदाचा फिल्टर, खोक्यात. आणि गेल्या वर्षीचाही फिल्टर, खोक्यात. त्यांच्यावर धूळ नव्हती. तो पुसत असावा.

कॉफी उतू गेली. तिनं ती पुसली, दोन कपांत ओतली, त्याचा कप अर्धाच भरला आणि त्याच्या हातात न देता स्टुलाजवळच्या पेटीवर ठेवला. त्यानं अर्ध्या कपाकडं पाहिलं. मग तिच्याकडं. रेडिओवर कुणीतरी गोल चुकवला.

"कुम," ती म्हणाली, "मला तेल बदलायला शिकव."

"का? मी मेलो का?"

"मेला असतास तर कुणाला विचारलं असतं? आजच शिकव. खड्ड्यावरची सायकल काढते मी."

नाकारायला तो तोंड उघडत होता आणि शब्द जुळत नव्हते, हे तिला दिसत होतं, आणि ती मुद्दाम कॉफीकडं बघत राहिली. शेवटी तो म्हणाला, "तो पांढरा डगला काढ. माझा दुसरा कोट खिळ्याला आहे. आणि केस बांध."

गाडी तिनंच खड्ड्यावर घेतली. तो बाजूनं "डावीकडं, अजून, तुझी डावी, कुमा, स्रेतेनची नव्हे" असं सांगत होता. खड्ड्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. आत उतरल्यावर जग एकदम लहान झालं. डोक्यावर गाडीचं पोट, गरम, कळकट, जिवंत जनावरासारखं, आणि कडेला तिहोमीरचे बूट. तो स्टूल ओढून काठाशी बसला होता. त्यानं सतराचा पाना पायानं तिच्याकडं सरकवला. तो पायानं सरकवला, हेही तिनं पाहून ठेवलं.

"मोठा बोल्ट तळाला. अंगावर ओढायचा, ढकलायचा नाही. सुटला की हात काढ, तेल गरम आहे."

बोल्ट हलेना. तिनं दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा जोर लावला, आणि तो कुरकुरला आणि सुटला, आणि काळी धार पातेल्यात पडू लागली, आधी जोरात, मग शांत, काळ्या रेशमासारखी. दोघं तो आवाज ऐकत राहिले.

"गेल्या वर्षी तेल काढलं होतं मी," वरून आवाज आला. तो तिच्याशी बोलत नसल्यासारखा बोलत होता. "फिल्टर निघाला नाही. बोटं धरेनात. यंदा बोल्टच निघाला नाही. दिवसभर बसलो. म्हटलं निदान धुऊन तरी देऊ."

"कुणाला तरी बोलवायचं."

"कुणाला? आणि सांगू काय? माझ्या कुमाची गाडी मला होत नाही? उद्या सगळं पालिलुला इथं सूप घेऊन येईल." तो थांबला. "शनिवारी ताप आल्याचं कळवणार होतो तुला. पाव हातातून पडला असता सगळ्यांसमोर."

तिनं बोल्ट परत बसवला. आता फिल्टर. त्याला पट्टा गुंडाळून कसा फिरवायचा ते त्यानं सांगितलं. तो चिकटून बसला होता, मग एकदम सुटला आणि तिच्या मनगटावरून तेल कोपरापर्यंत आलं. तिनं जुना डबा काठावर ठेवला. तिहोमीर वाकला. त्यानं त्या चकचकीत जागेकडं पाहिलं, आणि दोब्रिलाला खड्ड्यात आहोत त्याचं बरं वाटलं.

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकं खुणा लावताना बघतोय," तो म्हणाला. "नखरंग, खडू, एकानं केस चिकटवला होता. लावून, परत येताना पुसून आलेली तू पहिली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागापेक्षा अवघड असं काही होतं. आणि तो दिसत नव्हता, फक्त बूट दिसत होते, एका बुटाची नाडी नीट बांधलेली नव्हती, कशीतरी आत खोचलेली होती. म्हणूनच असेल, तिच्या तोंडून ते निघून गेलं. "कुम, त्या दिवशी तो खरंच तसं म्हणाला होता?"

कुठल्या दिवशी, कोण, हे त्यानं विचारलं नाही. रेडिओ कधी बंद झाला होता ते तिला आठवेना.

"मी खाली गेलो होतो," तो म्हणाला. "सिगारेट ओढायला. तो झोपला होता. दहा मिनिटं, बारा असतील. खाली कुणीतरी भेटलं, बर्फाबद्दल बोलत बसलो. वर आलो तर नर्स खिडकी उघडत होती."

म्हणजे कुणीच नव्हतं. दोब्रिलाच्या हातात नवा फिल्टर होता, हलका, कोरा, आणि तो भिंतीवर भिरकावून द्यावा असं तिला एक क्षण खरोखरच वाटलं. चार वर्षं तिला या माणसाचा हेवा वाटत आला होता. तो तिथं होता म्हणून.

"आणि ते वाक्य?"

"माझं. जिन्यात सुचलं. तू खालून वर येत होतीस, दोन दोन पायऱ्या चढत. रिकाम्या हातानं कसा उभा राहू?" बूट जरा मागं गेले, पुन्हा पुढं आले. "पण खोटं नव्हतं ते. तू सगळं नीट केलं होतंस, मी बघत होतो ना. माझं म्हणून सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. नेहमीसारखं म्हणाली असतीस, तुला काय कळतं."

ती म्हणाली असती. अगदी याच शब्दांत म्हणाली असती. दोब्रिलानं गाडीच्या पोटाला टेकायला हात वर केला, ते गरम होतं, तिनं तसाच ठेवला. स्रेतेन काहीच म्हणाला नव्हता. आयुष्यभर म्हणाला नाही तसा शेवटीही म्हणाला नाही, आणि त्यातच तो तिला चार वर्षांत पहिल्यांदा ओळखीचा वाटला. आणि ते वाक्य, जे ती रात्री उशाशी घेऊन झोपत होती, ते एका जिवंत माणसाचं होतं, आणि त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

"मी केस वाळवत होते," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. कपडे बदलायला गेले आणि आंघोळ केली. मग केस वाळवत बसले. पंधरा मिनिटं तरी. ओल्या केसांनी बाहेर पडलं तर थंडी वाजेल म्हणून. कुणाला सांगितलं नाही मी हे. नेवेनालासुद्धा."

वर त्यानं काठावरचा जुना फिल्टर पायानं बाजूला सारला.

"फेब्रुवारी होता," तिहोमीर म्हणाला. "वाजलीच असती."

ती खड्ड्यात उभ्या उभ्या रडली, की हसली, ते तिलाच नीट कळलं नाही. नाक पुसायला हात स्वच्छ नव्हता म्हणून तिनं त्याच्याच कोटाच्या खांद्याला पुसलं. मग म्हणाली, "आता पुढं काय?"

"रबराच्या कडीला नव्या तेलाचं बोट लाव. मग आटे जुळवून हातानं फिरव. आधी सैल, मग टेकेपर्यंत. टेकला की तिथून पाऊण फेरा. जास्त नको. मी दोन वर्षांमागं जास्त आवळला, म्हणून गेल्या वर्षी निघाला नाही."

"मला आटेच दिसत नाहीयेत. अंधार आहे इथं."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. खिळ्यावरून दिवा काढल्याचा. मग काठावर त्याचे गुडघे टेकले, आणि वर्षभर खिशात राहिलेला हात दिवा घेऊन खाली आला. उजेड इंजिनावर पडला आणि थरथरू लागला. नळ्या, तारा, आटे, तिची काळी बोटं, सगळंच पाण्यात असल्यासारखं हलत होतं. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं. उजेड तसाच हलत राहिला.

"असा दिसेल का?" त्यानं विचारलं.

"दिसेल," ती म्हणाली, आणि त्या हलत्या उजेडात आटे जुळेपर्यंत थांबली.